फ्लिपचार्ट: मागच्या खुर्चीवरच्या माणसासाठी

नवी मुंबईत रबाळ्याच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर मंडळींचं ट्रेनिंगचं सत्र घेत होते. कॅन्टीनच्या वरची खोली, बावीस माणसं. फ्लिपचार्टवर, म्हणजे स्टँडला लावलेल्या मोठ्या कोऱ्या कागदावर, वर लिहिलं, ‘मशीन बंद का पडतं?’ आणि विचारलं. मागून एक जण म्हणाला, ‘‘ग्रीस वेळेवर मिळत नाही मॅडम. स्टोअरवाला जेवायला गेला की गेलाच.’’ मी मान डोलावली आणि सुबक अक्षरात लिहिलं: ‘वंगण व्यवस्थापन’. त्यानंतर तो गृहस्थ तासभर तोंडातून शब्द काढेना. चहाच्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचं बोलणं पुसून मी माझं लिहिलं होतं. चहा झाल्यावर ते दोन शब्द सगळ्यांसमोर आडवी रेघ मारून खोडले आणि खाली लिहिलं, ‘ग्रीस वेळेवर नाही, स्टोअर बंद’. तो हसला. शेजारचा लगेच म्हणाला, ‘‘चावी एकाकडेच असते, तेपण लिहा की.’’ मग यादी थांबेचना.

फ्लिपचार्टबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं या प्रसंगात आलं. तयार माहिती दाखवायला पडदा आहे, प्रोजेक्टर आहे, छापील कागद आहे. खोलीतली माणसं जे बोलतात ते त्यांच्या डोळ्यांदेखत लिहून दिवसभर भिंतीवर ठेवायचं, तर त्याला हा मोठा कागदच लागतो. स्लाइड बदलली की आधीची गेली. कागद मात्र सकाळी अकराचा संध्याकाळी पाचलाही समोर असतो, त्याकडे बोट दाखवता येतं. वीज गेली तरी त्याचं काही बिघडत नाही, हा फायदा वेगळाच.

नव्यानं ट्रेनिंग घ्यायला लागलेल्यांसाठी, सोसायटीत, बचत गटात, कारखान्यात किंवा शाळेच्या पालकसभेत उभं राहणाऱ्यांसाठी पुढचं लिहिते आहे. एक खुलासा आधीच करते. आरोग्य खात्याच्या कामात आशाताई ज्याला फ्लिपचार्ट म्हणतात तो टेबलावर ठेवायचा, एका बाजूला चित्र आणि मागे मजकूर असलेला तयार संच असतो. तो वेगळा. इथे आपण स्टँडवर लावायच्या कोऱ्या कागदांबद्दल बोलतोय.

आधी ठरवा, लागणार आहे का

माणसं पंचवीसच्या आत असतील तर फ्लिपचार्ट. तीसपर्यंत ओढूनताणून जमतं. त्याच्या वर गेलं की मागच्यांना काही दिसत नाही आणि ती मंडळी मोबाइल काढतात, त्यात त्यांची चूक नाही. आकड्यांचे तक्ते, फोटो, नकाशे दाखवायचे असतील तर सरळ पडदा घ्या. दोन्ही एकत्रही चालतं: पडद्यावर तुमचं, कागदावर त्यांचं. मी बहुतेकदा असंच करते. फक्त प्रोजेक्टरसाठी दिवे घालवले की कागद अंधारात जातो, म्हणून स्टँड खिडकीच्या किंवा चालू ठेवलेल्या ट्यूबच्या बाजूला घ्यायचा.

खरेदी

ठाण्यात स्टेशनजवळच्या बाजारात किंवा वाशीला सेक्टर १७ च्या बाजूला स्टेशनरीच्या दुकानात जाऊन ‘फ्लिपचार्ट पॅड’ असंच मागा. साधारण ए-१ आकाराचा, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा कागद मिळाला तर उत्तम. घरातले ए-४ चे आठ कागद जोडले की एक ए-१ होतो, त्यावरून अंदाज करा. काही पॅडवर फिकट चौकटी छापलेल्या असतात. नवख्या माणसानं तेच घ्यावेत, ओळी सरळ येतात. पॅड मिळालं नाही तर शाळेच्या प्रकल्पांसाठी मिळतो तो पांढरा चार्ट पेपर चालतो, पण तो जाड असतो आणि उलटता येत नाही. त्याचे सुटे कागद भिंतीवरच लावावे लागतात. खाकी कागद स्वस्त पडतो, गटकामाला छान, पण त्यावर निळी शाई मळकट दिसते. काळीच वापरा.

मार्करमध्ये लोक हमखास फसतात, म्हणून इथे जरा थांबते. दुकानात तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दिसायला सारखेच. परमनंट मार्करची शाई कागदातून पलीकडे उतरते. व्हाइटबोर्ड मार्करची तेवढी उतरत नाही, पण कागद त्याची शाई पिऊन टाकतो, टोक लवकर कोरडं पडतं आणि अक्षर फिकट दिसतं. फ्लिपचार्टसाठी म्हणून पाण्याच्या शाईचे मार्कर मिळतात, ते घ्या. नाहीच मिळाले तर व्हाइटबोर्डचे चालवून घ्या, चार जास्तीचे ठेवा. टोक गोल नको, छिन्नीसारखं चपटं हवं. त्याच्या रुंद बाजूनं लिहिलं की मागपर्यंत पोचतं. मार्कर आडवे ठेवायचे आणि टोपण ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायचं.

परमनंट मार्करचं मी अनुभवानं सांगते. ठाण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये माझं दुसरं की तिसरंच सत्र होतं. स्टँड नव्हता, म्हणून कागद थेट भिंतीला चिकटवून जोरजोरात लिहीत सुटले. संध्याकाळी कागद काढले तर गुलाबी डिस्टेंपरवर अख्खं ‘आपली उद्दिष्टं’ उतरलेलं, ठिपक्याठिपक्यांचं. सेक्रेटरी काका काही बोलले नाहीत, नुसते भिंतीकडे बघत राहिले. रंगाऱ्याचे पैसे मी भरले. मानधन त्यातच गेलं. तेव्हापासून भिंतीवर लिहायचं असेल तर खाली दोन कोरे कागद आणि पर्समध्ये परमनंट मार्कर नाहीच. हॉलच्या पांढऱ्या बोर्डावर कुणी चुकून परमनंटनं लिहिलं असेल तर घाबरू नका. त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्ड मार्करनं गिरवा आणि ओलं असतानाच पुसा, बहुतेक वेळा निघून जातं.

बाकी सामान: कागदी मास्किंग टेप (सेलोटेप भिंतीचा रंग सोलून काढते), चार मोठ्या काळ्या क्लिपा, पेन्सिल, कटर, सुतळी आणि घरातले कपड्यांचे डझनभर चिमटे. चिमटे कशाला ते पुढे येईलच.

आदल्या रात्री, घरी

पहिला कागद स्वागताचा. विषय, वेळ, चहा किती वाजता, जेवण किती वाजता. चहाची वेळ लिहिलेली असली की माणसं निवांत बसतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. त्यामागे एक कोरा कागद. मग पुढचा तयार कागद, पुन्हा कोरा. मधला कोरा कागद सोडला की खालच्या पानावरचं वर दिसत नाही आणि आयत्या वेळी काही लिहायला जागाही मिळते.

तयार कागद पाच-सहाच्या वर करू नका. सगळंच लिहून आणलंत तर लोक ते वाचत बसतात आणि त्यांना वाटतं, उत्तरं आधीच ठरलेली आहेत. मी फक्त वरचा प्रश्न लिहून नेते, खालची जागा रिकामी. आकृती असेल तर ती पेन्सिलीनं अगदी हलकी काढून ठेवते आणि सत्रात मार्करनं गिरवते. समोरच्यांना वाटतं, बाईंचा हात काय सरळ आहे! ती पेन्सिल तीन-चार फुटांवरून दिसत नाही. कागदाच्या वरच्या कोपऱ्यातही माझ्या टिपा पेन्सिलीनं लिहिलेल्या असतात: ‘इथे गटकाम, २० मिनिटं’, ‘चावीचं उदाहरण’. हातात चिटोरं धरावं लागत नाही.

पान पटकन सापडावं म्हणून कडेला मास्किंग टेपचा छोटा तुकडा दुमडून चिकटवा आणि त्यावर एक शब्द लिहा. बावीस जणांसमोर पानं चाळत ‘कुठे गेलं बरं…’ म्हणणं फार अवघड जातं.

खोलीवर लवकर पोचा

लवकर म्हणजे पाऊण तास. घडीचा स्टँड घेऊन ठाण्याहून वाशीच्या गाडीत सकाळी चढायचं असेल तर आणखी आधी निघा, आणि सरळ मालडब्यात शिरा. फर्स्ट क्लासच्या गर्दीत तिपाई उघडली की काय होतं ते सांगत नाही.

स्टँडचे पाय पूर्ण उघडले आहेत ना, खिट्ट्या बसल्यात ना, बघा. उंची तुमच्या हाताला बेतानं ठेवा. मी पाच फूट एक इंच आहे. आधीच्या उंच सरांनी लावलेल्या स्टँडवर वरच्या ओळी लिहायला मला टाचा उंचवाव्या लागायच्या. आता सुरुवातीलाच खाली करते. पंखा डोक्यावर असेल तर कागद फडफडतो. खालच्या दोन कोपऱ्यांना क्लिपा लावा किंवा तो एक पंखा बंद करा.

मग एका कागदावर चार शब्द लिहा आणि जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसा. उभं राहून बघू नका, बसा. पुढच्या रांगेत माणसं आहेत असं धरा. कागदाचा खालचा पाव भाग त्यांच्या डोक्यांआड जाणार, तिथे काहीही लिहायचं नाही. कोपऱ्यातल्या खांबाआड बसणारा एखादा असतोच. त्याची खुर्ची आत्ताच हलवा.

अक्षर

ढोबळ हिशेब असा: दर दहा फुटांना एक इंच उंच अक्षर. खोली वीस फुटांची असेल तर शिरोरेषेखालचं अक्षर दोन इंचांचं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो, म्हणून एका ओळीला चार इंच धरा. ए-१ कागद ३३ इंच उंच, त्यातला खालचा पाव भाग सोडला तर राहिले पंचवीसेक. म्हणजे सहा ओळी. एका ओळीत दहा-बारा अक्षरं मावतात, तीन शब्द समजा. एवढीच तुमची मिळकत, तीत संसार करायचा. ‘कर्मचाऱ्यांमध्ये सुरक्षिततेविषयी जागरूकतेचा अभाव’ यात बसत नाही. ‘हेल्मेट कुणी घालत नाही’ बसतं आणि कळतंही.

इंग्रजी पुस्तकांत सगळं कॅपिटलमध्ये लिहा की लिहू नका याची चर्चा असते, आपल्याला तिचा उपयोग नाही. आपले प्रश्न वेगळे. घाईत बरेच जण शिरोरेषा गाळतात. मग भ आणि म, घ आणि ध यांचा घोळ होतो, कारण त्यांच्यातला मोठा फरक वरच्या रेघेतच असतो. वीस फुटांवरून ‘धाव’ आणि ‘घाव’ सारखेच. पूर्ण शब्द लिहून एका झटक्यात वरून रेघ मारायची सवय करा, वेळ जात नाही. जाड मार्करनं छ, ठ, ढ, क्ष यांची पोटं बुजतात, ही अक्षरं जरा मोठी काढा. ‘ख’ जोडूनच लिहा, नाहीतर ‘रव’ वाचला जातो. आकड्यांचं म्हणाल तर मिश्र गटात मी इंग्रजी आकडे लिहिते. महापे-रबाळ्याच्या कारखान्यांत मराठी, हिंदी बोलणारी माणसं एकत्र असतात. देवनागरी अक्षर दोघांना चालतं, पण मराठी १ लांबून इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि मराठी ५ कुणाला 4 वाटतो. मापाच्या, तारखेच्या बाबतीत हे महागात पडू शकतं.

रंग दोनच: मजकुराला काळा किंवा गडद निळा, आलटून पालटून एक मुद्दा या रंगात, पुढचा त्या. तिसरा लाल, तो फक्त खूण किंवा अधोरेखेसाठी. पिवळा, नारिंगी, फिकट हिरवा मागून दिसतच नाहीत. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं, विशेषतः पुरुष, गटात असू शकतात. म्हणून ‘हिरवे मुद्दे बरोबर, लाल चूक’ असं करू नका, बरोबरला टिकमार्क आणि चुकीला फुली द्या.

आणि शुद्धलेखन. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तर सरळ समोरच्यांना विचारा. कुणीतरी निवृत्त शिक्षिका असतेच, तिला आनंद होतो.

उभं कसं राहायचं

उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं कागदाकडे तोंड केल्यावर कागदाच्या डाव्या कडेला उभं राहावं. हात कागदावर पोचतो, अंग आड येत नाही. डावखुऱ्यानं उलट. लिहून झालं की पाऊल मागे, वळा, मग बोला. नवखी माणसं कागदाशीच बोलतात. आवाज कागदात जातो आणि मागच्याला पाठ तेवढी दिसते. लिहिताना गप्प राहायला सुरुवातीला फार अवघड वाटतं, दहा सेकंदांची शांतता दहा मिनिटांची वाटते. पण तेवढ्या वेळात लोक विचार करतात, वहीत उतरवतात. राहू द्या शांतता.

बोलताना मार्कर खाली ठेवा. हातात असला की आपण त्याचं टोपण काढघाल करत राहतो, आणि ‘टक्-टक्’ सगळ्यांना ऐकू जातं, फक्त आपल्याला नाही.

त्यांचं बोलणं टिपताना

माणसानं जो शब्द वापरला तोच लिहायचा. लांबलचक बोलला तर त्यालाच विचारायचं, ‘‘दादा, तीन शब्दांत काय लिहू?’’ तो स्वतःच नेमकं सांगतो. तुम्हाला पटलं नाही तरी लिहा. एकाचं लिहिलं, दुसऱ्याचं नुसतं ‘हो, बरोबर’ म्हणून सोडलं, की दुसरा मोजून ठेवतो. बचत गटाच्या बायकांत हे मी फार जवळून पाहिलंय. एकीनं ‘नवरा पासबुक देत नाही’ असं सांगितलं आणि ते तसंच्या तसं कागदावर गेलं, तेव्हा तिच्या मागे बसलेल्या दोघींनी एकदम तोंड उघडलं. तिथे ‘कौटुंबिक अडथळे’ लिहिलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

माणसं भराभर बोलत असतील तर त्यांच्यातल्या एकाला दुसऱ्या कागदावर लिहायला उभं करा. मात्र ज्याला लिहिता येत नाही किंवा संकोच वाटतो अशाला चुकून उभं करू नका. आधी चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारा.

विषयाबाहेरचे प्रश्न येतातच: पगारवाढ, बसची वेळ, पार्किंग. त्यासाठी सुरुवातीपासून एक वेगळा कागद ‘नंतर बोलू’ असं लिहून दाराजवळ लावते. प्रश्न तिथे गेला की विचारणाऱ्याचं समाधान होतं, सत्रही रुळावर राहतं. पण शेवटची पंधरा मिनिटं त्या कागदासाठी खरोखर ठेवायची. नाही ठेवली तर पुढच्या वेळी त्याला कुणी विचारणार नाही.

भिंत, आणि पावसाळा

भरलेला कागद उलटून मागे टाकू नका. फाडा आणि भिंतीवर लावा. फाडताना वरच्या छिद्रांच्या रेषेवर एक हात दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं आडवं ओढायचं. खाली खेचलंत तर कागद तिरपा फाटतो. टेपचे तुकडे आधीच कापून स्टँडच्या पायाला ओळीनं चिकटवून ठेवा. भिंतीवर क्रम डावीकडून उजवीकडे. जेवणानंतर आलेला माणूस भिंत वाचून दिवसाचा धागा पकडू शकतो.

जून ते सप्टेंबर मात्र आपल्याकडे ही भिंत साथ देत नाही. खाडीकाठची हवा, ओल धरलेला डिस्टेंपर. सकाळी लावलेले कागद जेवणापर्यंत एकेक करून खाली येतात, तेही नेमके कुणीतरी मनापासून बोलत असताना. त्यासाठी ती सुतळी आणि चिमटे. खिडकीच्या गजापासून पंख्याच्या बटणांजवळच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधायची आणि कपडे वाळत घालतो तसे कागद टांगायचे. लोक हसतात, पण कागद पडत नाही. पॅड नेताना मोठ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. ओलसर कागदावर मार्करची शाई फुटते आणि अक्षराला मिशा येतात.

गटकाम देताना प्रत्येक गटाला एक कागद, दोन मार्कर, एक लिहिणारा आणि वेळ. मार्कर एकच दिलात तर एकच माणूस गटाचा मालक होतो.

संपल्यावर

प्रत्येक कागदाचा फोटो काढा, सरळ समोरून, फ्लॅशशिवाय. त्याच संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर राहूनच जातं. ठरलेली कामं वेगळ्या कागदावर तीन रकान्यांत असावीत: काम, कोण, कधीपर्यंत. तिथे मात्र नावं लिहायची.

तक्रारींच्या कागदांवर नावं अजिबात नाहीत. रबाळ्याच्या त्या सत्रानंतर मी सामान आवरत होते, तेवढ्यात वरिष्ठ साहेब वर आले आणि भिंतीवरची यादी वाचू लागले. ‘‘चावी एकाकडेच असते, हे कोण म्हणालं?’’ मी सांगितलं, ‘‘सगळेच.’’ त्यांनी पुन्हा वाचलं, खिशातून पेन काढलं आणि डायरीत काहीतरी लिहिलं. मी कागद गुंडाळले, रबर लावलं आणि खाली आले. कागद कुणाचे, ते ठेवायचे की न्यायचे, हे आता मी सत्र सुरू होतानाच गटाला विचारून घेते.